आरओचं फेकलेलं पाणी आणि तांब्याची काळी पट्टी

आमच्या गावच्या आरओ प्लांटच्या मागच्या भिंतीतून एक पांढरा पाइप बाहेर येतो. समोर पाच रुपयांत वीस लिटरची कॅन भरते आणि मागे जवळपास तेवढंच पाणी या पाइपातून नालीत जातं. मेम्ब्रेननं, म्हणजे पाणी गाळणाऱ्या बारीक पडद्यानं, अडवलेलं सगळं त्या पाण्यात असतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड, सल्फेट आणि नायट्रेट. गेली काही वर्षं माझं सगळं काम या शेवटच्या नावाभोवती चाललं आहे, म्हणून त्यावर एकदा सविस्तर लिहायचं होतं.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात. मी तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि त्यासोबत पीएचडीचं काम करते. विषय असा की विजेच्या जोरावर पाण्यातल्या नायट्रेटचा अमोनिया करणारे धातूंच्या ऑक्साइडचे उत्प्रेरक (स्वतः न संपता क्रिया झपाट्यानं घडवणारे पदार्थ) घडवायचे. गावात हे सांगायला अवघड जातं. मागच्या उन्हाळ्यात मी त्या पाइपाखाली कॅन लावून बसले होते, तेव्हा बाबा शेतातून येत होते. थांबले.

"थे फेकाचं पानी कायले भरून राहिली वं?"

"याच्यात तुमचा युरिया हाय, बाबा."

"माहा युरिया? थो त मी पऱ्हाटीले टाकला." पऱ्हाटी म्हणजे आमची कपाशी.

"पऱ्हाटीनं अर्धाच खाल्ला. बाकीचा विहिरीत उतरला."

बाबा थोडा वेळ पाइपाकडे पाहत राहिले. मग त्यांनी जे विचारलं तेच माझ्या प्रबंधाचं पहिलं पान आहे: "मंग थो परत काढता येते का?"

युरिया मातीत पडला की काही दिवसांत त्याचा अमोनियम होतो. आपली काळी माती चिकण आहे, तिच्या कणांवर ऋण भार असतो आणि अमोनियमवर धन भार, त्यामुळे माती अमोनियम धरून ठेवते. पण मातीतले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेटवर भार ऋण, म्हणून माती त्याला धरत नाही. जुलै-ऑगस्टच्या जोरदार पावसात ते पाण्याबरोबर खाली जातं. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या भूजल गुणवत्ता अहवालात नायट्रेटनं सर्वाधिक बाधित पंधरा जिल्ह्यांची यादी आहे. तिच्यात वर्धा, अमरावती, यवतमाळ आणि बुलढाणा ही आपली नावं आहेत. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही भारतीय मानकाची मर्यादा. त्यापुढे सर्वांत मोठा धोका तान्ह्या बाळांना असतो. पाण्यातल्या नायट्रेटचं पोटात नायट्राइट होतं, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहू देत नाही आणि बाळ निळं पडतं. गोठ्यातलं मूत्र आणि संडासाचे शोषखड्डे यांतूनही नायट्रेट विहिरीत उतरतं, सगळा दोष खताच्या माथी मारायचा नाही. तरी युरियाचा वाटा मोठा आहे.

आणि हा युरिया बनतो कसा, तेही पाहायला हवं. तो बनतो अमोनियापासून. फ्रिट्झ हाबरनं १९०९ मध्ये हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्यापासून अमोनिया करून दाखवला. कार्ल बॉशनं त्याचा कारखाना उभा केला, तो १९१३ मध्ये जर्मनीतल्या ओपाऊला सुरू झाला. चारशे ते पाचशे अंश तापमान आणि वातावरणाच्या शंभर-दोनशे पट दाब. आजही जगातला जवळपास सगळा अमोनिया याच पद्धतीनं होतो, आणि जगाच्या एकूण ऊर्जेतली एक ते दोन टक्के ऊर्जा त्यात जाते. हायड्रोजन येतो तो आपल्याकडे मुख्यतः नैसर्गिक वायूपासून, आणि त्यातला बराच वायू आयात होतो. म्हणजे परदेशातून जहाजानं आलेल्या वायूतून बनलेला नायट्रोजन आम्ही पऱ्हाटीला घालतो, त्यातला काही विहिरीत जातो, विहिरीतून आरओत आणि आरओतून नालीत. हे मला बघवत नाही.

हाबर-बॉशच्या गोष्टीतला माझा आवडता माणूस तिसराच आहे, आल्विन मिटाश. उत्प्रेरक शोधायचं काम त्याच्याकडे होतं आणि त्याच्या प्रयोगशाळेनं हजारो नमुने तपासले. शेवटी जिंकलं ते स्वीडनहून आलेलं लोहखनिज, मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड. त्यात थोडं अॅल्युमिना (अॅल्युमिनियमचा ऑक्साइड) आणि पोटॅश मिसळलेलं. गंमत अशी की भट्टीत भरतात तो ऑक्साइड, पण काम करतो तो ऑक्साइड नव्हे. हायड्रोजन त्यातला ऑक्सिजन काढून घेतो आणि मागे उरतं ते असंख्य बारीक छिद्रांचं लोखंड. अॅल्युमिना ती छिद्रं मिटू देत नाही. शंभर वर्षांनंतर, साध्या तापमानाला, पाण्यात वीज सोडून करायच्या अमोनियातही हेच पुन्हा पुन्हा दिसतं: आपण टाकतो एक पदार्थ आणि काम करतो त्याच्यापासून तिथल्या तिथे तयार झालेला दुसराच.

ते मी रोज डोळ्यांनी पाहते. तांब्याची पातळ पट्टी घ्यायची, विरळ आम्लात धुऊन चकचकीत करायची. मग कॉस्टिक सोडा आणि अमोनियम पर्सल्फेटच्या द्रावणात बुडवायची. काही मिनिटांत तिच्यावर फिकट निळी लव चढते, ती कॉपर हायड्रॉक्साइडच्या सुयांची. बोट लावलं तर निघून येईल इतकी नाजूक. नीट धुऊन ती ओव्हनमध्ये १८० अंशांवर ठेवली की निळी लव हळूहळू तपकिरी आणि मग काळी होते. काळा रंग म्हणजे कॉपर ऑक्साइड. सुया मात्र तशाच उभ्या राहतात. आता ही काळी पट्टी सेलमध्ये, म्हणजे धन आणि ऋण अशी दोन टोकं पाण्यात बुडवलेल्या भांड्यात, ऋण टोकाला जोडायची आणि नायट्रेटच्या पाण्यात वीज सुरू करायची. थोड्याच वेळात कडेपासून काळा रंग उतरू लागतो आणि पट्टी विटकरी लाल दिसायला लागते. तिआनजिन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की कॉपर ऑक्साइडच्या अशा तारा वीज चालू असताना तांबं आणि क्युप्रस ऑक्साइड (तांब्याचा कमी ऑक्सिजनचा ऑक्साइड) यांच्या मिश्रणात बदलतात, आणि जिथे हे दोघं एकमेकांना लागून असतात त्या सीमेवर नायट्रेटचा अमोनिया चांगला होतो. म्हणून मी ऑक्साइड 'बनवते' म्हणण्यापेक्षा त्याला कुठल्या वाटेनं बदलू द्यायचं ते ठरवते, असं म्हणणं बरोबर होईल. किती तापवायचं, सुया किती दाट उगवू द्यायच्या, सुरुवातीला किती व्होल्ट द्यायचे, या सगळ्यातून ती सीमा घडते.

सरळ हवेतलाच नायट्रोजन घेऊन विजेनं अमोनिया का करत नाही, असं विद्यार्थी विचारतात. स्वप्न तेच आहे, आणि जगभर त्यावर मोठं काम चाललं आहे. पण नायट्रोजनच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध फार घट्ट, आणि नायट्रोजन पाण्यात विरघळतो अगदी थोडा. उत्प्रेरकावर आलेले इलेक्ट्रॉन नायट्रोजनपर्यंत पोचण्याआधीच पाणी ते घेतं आणि हायड्रोजनचे बुडबुडे सोडून मोकळं होतं. नायट्रेटमधला नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा बंध त्या मानानं पुष्कळ सैल आहे आणि नायट्रेट पाण्यात हवं तेवढं विरघळतं. माझ्या भागात ते पाण्यात आधीच आहे, नको इतकं आहे. म्हणून मी ही वाट धरली.

तरी हवेतल्या नायट्रोजनच्या वाटेवरची एक भारतीय गोष्ट सांगायलाच हवी. अलाहाबादचे नीलरत्न धर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात म्हणत होते की उन्हात मातीतली खनिजं हवेतला नायट्रोजन संयुगात बांधतात, त्यात जिवाणूंखेरीज प्रकाशाचाही हात आहे. पुढे १९७७ मध्ये श्राउझर आणि गथ यांनी लोह मिसळलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून थोडासा अमोनिया झाल्याचं नोंदवलं. टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच. स्वस्त, विषारी नाही, पाण्यात विरघळत नाही. माझ्या दुसऱ्या पट्ट्या त्याच्याच आहेत.

टायटॅनियम डायऑक्साइड जसाच्या तसा फारसं काम करत नाही. त्याला हायड्रोजनच्या वातावरणात तापवलं की त्याच्या अणूंच्या जाळीतले काही ऑक्सिजन निघून जातात आणि रिकाम्या जागा उरतात. पऱ्हाटीच्या ओळीत बी न उगवल्यानं नांग्या पडतात तशा. शेतात आपण त्या नांग्या भरतो. इथे त्या भरायला नायट्रेट येतं: त्याचा एक ऑक्सिजन रिकाम्या जागेत बसतो, तिथे साचलेले जास्तीचे इलेक्ट्रॉन त्याच्याकडे जातात आणि नायट्रोजन-ऑक्सिजनचा बंध ताणला जाऊन तुटतो. शिवाय टायटॅनियम डायऑक्साइडवर हायड्रोजनचे बुडबुडे सहजासहजी सुटत नाहीत, म्हणजे वीज वाया कमी जाते. किती जागा रिकाम्या करायच्या हाच सगळा प्रश्न आहे. कमी केल्या तर काम मंद होतं. फार केल्या तर जाळीच ढासळते, आणि हवेत पट्टी राहिली तर ऑक्सिजन परत येऊन जागा बुजतात.

तांब्याची एक अडचण आहे ती फार गंभीर. तांबं नायट्रेटचं नायट्राइट झपाट्यानं करतं, पण तिथून पुढे अमोनियापर्यंत न्यायला पृष्ठभागावर हायड्रोजनचे अणू लागतात आणि ते तांब्याकडे पुरेसे नसतात. मधेच सुटलेलं नायट्राइट पाण्यात उतरतं, आणि ते नायट्रेटपेक्षा जास्त घातक. म्हणून तांब्याच्या शेजारी कोबाल्टचा ऑक्साइड बसवतात. तो हायड्रोजन पुरवतो आणि नायट्राइटला पुढे ढकलतो. कोबाल्ट महाग, आणि त्याचं खाणकाम जिथे होतं तिथल्या माणसांचे हाल ऐकले की हात आखडतो. मी त्याच्या जागी लोखंडाचा ऑक्साइड वापरून पाहते आहे. अजून कोबाल्टची सर नाही, पण लोखंड पाण्यात थोडं उतरलं तरी कुणाचं नुकसान नाही.

आता मोजणी. ह्या विषयात खरा कस तिथे लागतो. अमोनिया सगळीकडे असतो: हवेत, आपल्या श्वासात, हातमोज्यांवर, आणि खेड्यात तर गोठा भिंतीपलीकडेच. वरच्या कृतीतलं अमोनियम पर्सल्फेट पाहा. सुयांच्या फटीत त्यातला थोडा अमोनियम राहिला तर विजेनं काहीही न करता तपासणीत निळा रंग येईल. कुणी ऑक्साइड बनवायला धातूचं नायट्रेट वापरलं आणि नीट जाळलं नाही तर तेच नायट्रेट पुढे अमोनिया होऊन 'हवेतून अमोनिया' म्हणून छापलं जाईल. असं खरोखर घडत होतं. म्हणून डेन्मार्क आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये 'नेचर'मध्ये काटेकोर पद्धत मांडली: नायट्रोजनचा वेगळा ओळखता येणारा जड प्रकार, नायट्रोजन-१५, वापरा आणि अमोनियातही तोच आला हे दाखवा.

माझ्या टेबलावर प्रत्येक पट्टीसोबत दोन कोरे प्रयोग चालतात. एकात नायट्रेटचं पाणी असतं पण वीज नसते. दुसऱ्यात वीज असते पण नायट्रेट नसतं. मग सोडियम सॅलिसिलेट, हायपोक्लोराइट आणि नायट्रोप्रुसाइड घालून नळ्या अंधारात ठेवते. अमोनिया असेल तर हिरवट निळा रंग चढतो आणि तो ६५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला मोजते. दोन्ही कोऱ्या नळ्या पिवळट राहिल्या तरच तिसरीचा निळा रंग वहीत जातो. विद्यार्थ्यांना मी आधी कोऱ्या नळ्या लावायला शिकवते, उत्प्रेरक नंतर.

पण मला सर्वांत कळकळीनं जे म्हणायचं आहे ते पाण्याबद्दल. बहुतेक शोधनिबंधांत पाणी शुद्ध असतं, त्यात सोडियम सल्फेटसारखं एक क्षार आणि ०.१ मोलरपर्यंत नायट्रेट. ०.१ मोलर म्हणजे लिटरला ६,२०० मिलिग्रॅम! आमच्या विहिरीत शंभर असलं तरी आम्ही घाबरतो, आणि आरओच्या फेकलेल्या पाण्यात त्याच्या दुप्पट धरा. इतक्या विरळ पाण्यात उत्प्रेरकाच्या अंगाला नायट्रेट पोचता पोचत नाही आणि वीज हायड्रोजनवर खर्च होते. दुसरं, आपलं पाणी जड. ऋण टोकाशी पाणी अल्कधर्मी होतं, आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचा पांढरा थर पट्टीवर बसतो. गिझरच्या कॉइलवर बसतो तोच. जीव ओतून उगवलेल्या सुया त्याखाली गाडल्या जातात. कारखान्यांत अशा वेळी टोकं उलटी करून थर पाडतात, पण तांब्याची पट्टी धन टोकाला लावली की तांबंच विरघळू लागतं. टायटॅनियम ते सहन करतो. तिसरं, क्लोराइड. धन टोकाशी त्याचा क्लोरीन होतो, क्लोरीनचं हायपोक्लोराइट, आणि ते नुकत्याच झालेल्या अमोनियाला परत नायट्रोजन वायू करून हवेत सोडतं. म्हणून दोन टोकांमध्ये मेम्ब्रेन हवंच.

म्हणजे इथे उत्प्रेरक घडवायचा तर तो या पाण्यासाठी घडवायला हवा. पहिल्या दिवसापासून पाइपाखालची कॅन टेबलावर पाहिजे. शुद्ध पाण्यात आधी जिंकून मग 'प्रत्यक्ष पाण्यात' एक शेवटची आकृती जोडायची, ही रीत मला पटत नाही. माझ्या वहीत आता थर बसायला किती वेळ लागला हा रकाना अमोनियाच्या रकान्याच्या शेजारीच असतो, आणि पट्टी निवडताना दोन्ही सारखेच धरते.

बाबांच्या प्रश्नाचा हिशेब मी मांडला तो असा. युरियाची थैली ४५ किलोची, त्यात ४६ टक्के नायट्रोजन, म्हणजे पावणे एकवीस किलोच्या जवळ. फेकलेल्या पाण्यात लिटरला २०० मिलिग्रॅम नायट्रेट असेल तर त्यातला नायट्रोजन ४५ मिलिग्रॅम. एका थैलीएवढा नायट्रोजन जमवायला साडेचार लाख लिटरहून जास्त पाणी लागेल. प्लांट रोज पाच हजार लिटर फेकत असेल तर तीन महिने. वीज किती? एका नायट्रेटचा अमोनिया करायला आठ इलेक्ट्रॉन लागतात. सेल दोन व्होल्टवर चालला आणि एकही इलेक्ट्रॉन वाया गेला नाही असं धरलं तर एक किलो अमोनियाला २५ युनिट, थैलीभर नायट्रोजनला ६३० च्या आसपास. तीन महिन्यांवर वाटली तर रोजची सात युनिट. तीन अश्वशक्तीच्या सौर पंपाच्या पॅनलमधून चांगल्या उन्हात रोज बारा-पंधरा युनिट मिळतात, आणि हरभरा निघाल्यावर मार्च ते मे ती पॅनल शेतात नुसती तापत असतात. म्हणजे निम्मी वीज वाया गेली तरी हिशेब बसतो.

अनुदानावर २६६ रुपये ५० पैशांना मिळणाऱ्या थैलीशी याची किमतीत तुलना होणार नाही, आणि ती करायचीही नाही. यातून थैलीतला पांढरा युरिया मिळतही नाही, त्याला कार्बन डायऑक्साइड वेगळा लागतो. ऋण टोकाकडचं पाणी अल्कधर्मी झालेलं असतं, त्यातला अमोनिया हवेनं बाहेर काढून विरळ सल्फ्युरिक आम्लात धरला की अमोनियम सल्फेट होतं. आपल्या अल्कधर्मी काळ्या मातीला ते युरियापेक्षा मानवतं आणि सोबत गंधकही मिळतो. मुख्य काम मात्र नालीत आणि तिथून पुन्हा भूजलात जाणारं नायट्रेट थांबवण्याचं. उरलेलं पाणी तरीही खारंच असतं, ते सरळ वावरात सोडू नये. आणि तांब्याची पट्टी वापरली असेल तर पाण्यात तांबं किती उतरलं ते तपासल्याशिवाय ढोरांनाही पाजू नये.

बाबांना मी हे सगळं पेनानं कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी साडेचार लाख लिटरच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मंग युरियाच कमी टाकला त?" मी म्हटलं, तेही करायचंच. यंदा आम्ही पऱ्हाटीत तुरीच्या ओळी वाढवल्या आहेत आणि युरिया एका वेळी न टाकता तीनदा विभागून, पाऊस पाहून दिला. पण विहिरीत जे उतरलं आहे ते असं पटकन जाणार नाही, आणि आरओ तर रोज चालूच आहे.

सध्या माझ्याकडे लोखंड मिसळलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या पट्ट्या आमच्याच पाण्यात चालू आहेत. थर तांब्यापेक्षा हळू बसतो, अमोनिया तांब्यापेक्षा कमी येतो. पुढचा प्रयत्न त्यांच्यावर तांब्याचा अगदी विरळ शिडकावा देण्याचा आहे. विदर्भातल्या कॉलेजांत शिकवणाऱ्या मित्रमैत्रिणींना एक मागणं आहे: आपल्या गावच्या आरओच्या मागच्या पाण्यात नायट्रेट, कडकपणा, क्लोराइड, सल्फेट आणि सामू एवढं विद्यार्थ्यांकडून मोजून ठेवा, एकदा पावसाळ्यानंतर आणि एकदा मे महिन्यात. नायट्रेट २२० नॅनोमीटरला मोजता येतं, सोबत २७५ ला मोजून सेंद्रिय पदार्थांची वजावट करायला विसरू नका. कडकपणाचं टायट्रेशन तर बीएस्सीच्या मुलांच्या प्रॅक्टिकलमध्येच आहे. ते आकडे हाताशी आले की कुठल्या गावच्या पाण्याला तांबं चालेल आणि कुठे टायटॅनियमच लावावं लागेल, हे पट्टी बनवण्याआधीच ठरवता येईल.